गेममधलं गेलं म्हणजे खरं काय गेलं?

विजापूररोड
मंडळी एक निवाडा हवाय. आमच्या अपार्टमेंटमधली दोन पोरं, दोघंही बारावीला, एकमेकाच्या घरी जेवणारी. परीक्षा आली तसं एकानं आपला बीजीएमआयचा (पब्जीचा भारतातला अवतार, मोबाइलवरचा लढाईचा गेम) आयडी दुसऱ्याकडं सोपवला, का तर रँक घसरू नये, रोज दोन मॅच टाक म्हणाला. दुसऱ्यानं काही दिवस टाकल्या आणि मग टेलिग्रामवर गिऱ्हाईक गाठून आयडी विकून मोकळा. घेणाऱ्यानं लगेच मेल बदलला, नंबर बदलला, पासवर्ड बदलला. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली, टँकरच्या वर्गणीचा विषय मागं पडला आणि हाच चालला. चेअरमन म्हणाले, "खेळातलं गेलं ना, मग खरं काय गेलं? सायकल नेली असती तर गोष्ट वेगळी." सगळ्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या आणि ज्याचा आयडी गेला ते पोरगं तिथं असं उभं होतं की जणू त्यानंच काहीतरी केलंय.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. ते जग खरं आहे. म्हणजे तिथले डोंगर खरे नाहीत हे मलाही कळतं, गेमच्या नकाशातल्या पोचिंकी गावातल्या घराचा कुणी उतारा काढत नाही. पण तिथं चार जणं एकत्र उतरतात, कोण पुढं जाणार कोण मागं राहून झाकणार हे ठरलेलं असतं, आणि ऐनवेळी एकानं पळ काढला तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बोलणं बंद होतं. जिथं दिलेला शब्द मोडता येतो ती जागा खोटी कशी काय? तुमचं काय म्हणणं?

कडकभाकरी
चेअरमनचा व्हॉट्सॅप कुणीतरी विका, मग त्यांना विचारा खरं काय गेलं.

एस_टियर_पोरगं
सायकल देतो म्हणून बघा त्या पोराला, तोंडावर फेकंल. आयडी म्हणजे नुसती स्किन नसते ओ, लोकांना वाटतं पोरं बंदुकीला रंग द्यायला पैसे घालतात, ते तर हायच, पण त्यात फ्रेंडलिस्ट असती, क्लॅन म्हणजे कायमचा गट असतो, कुणासोबत किती खेळलो त्याची सिनर्जी चढलेली असती, एखादा सीझन आठ-आठ तास बसून काढलेलं टायटल असतं. नवीन आयडी काढला की तुम्ही सगळ्यात खालच्या ब्राँझमध्ये आणि समोर सगळे बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ती पात्रं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झालं तेव्हा आमचा सगळा ग्रुप असा बसला होता की घरातलं कुणीतरी गेलंय, मग २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आलं आणि जुना डेटा नवीन गेममध्ये घेता आला तेव्हा एका मित्रानं पेढे वाटले होते खरंच. २०२२ ला परत स्टोअरवरून उडालं, २०२३ च्या मे मध्ये परत आलं. ज्यानं हे सगळं बघितलंय त्याला विचारा खरं काय आणि खोटं काय बे

आप्पा_निवृत्त
तरुण मंडळींचा उत्साह समजू शकतो, पण हा प्रश्न आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वीच हाताळून झालेला आहे. शंकराचार्यांच्या अद्वैतात सत्तेचे तीन प्रकार मानतात. पारमार्थिक, म्हणजे ब्रह्म. व्यावहारिक, म्हणजे हे तुमचं आमचं जग, बाजार, संसार, विजापूर रोड. आणि प्रातिभासिक, म्हणजे दोरीवर दिसलेला साप किंवा स्वप्न. अंधारात दोरीला बघून घाबरलात तर छातीतली धडधड खरी असते, घाम खरा असतो, पण साप नसतो. तुमचा हा गेम तिसऱ्या वर्गातला. भीती खरी, आनंद खरा, जग नाही. चेअरमनसाहेबांनी वेदांत वाचला नसेल पण बोलले बरोबर.

विजापूररोड
आप्पा तुमचा मुद्दा वजनदार आहे पण मला दोरीचा साप इथं बसत नाही असं वाटतंय, नक्की कुठं बसत नाही ते सांगता येईना. बघू अजून कोण काय म्हणतंय.

जुई_मूळची_सोलापूरची
मी सांगते कुठं बसत नाही. दिवा आणला की साप नाहीसा होतो, दोरी आहे हे कळलं की संपलं. स्वप्नाचं तेच, जाग आली की विषय संपला. गेमचं असं होत नाही. हा गेम आहे हे खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून माहिती असतं, दिवा लावूनच बसलेलो असतो आम्ही, तरी तो नाहीसा होत नाही. आणि आप्पा, दोन माणसांना एकच स्वप्न पडत नाही. मी पुण्यातून लॉगिन करते, एक जण कोचीतून, एक जण क्वालालंपूरहून, आणि तिघांनाही तो दरवाजा त्याच जागी दिसतो, एकानं उघडला की तिघांसाठी उघडतो. तुमच्याच हिशोबानं हे व्यावहारिकमध्ये जातं.

आप्पा_निवृत्त
जुईताई, उत्तम पूर्वपक्ष. बाध होत नाही, म्हणजे खरं कळल्यावरही ते नाहीसं होत नाही, हा मुद्दा मान्य करावा लागेल. पण मग माझी अडचण वेगळी. व्यवहारातल्या जगात माणूस मेला की मेला. तुमच्याकडे मेला की लॉबीत परत. जिथे मरण फुकट आहे, भूक नाही, ऊन लागत नाही, ते जग व्यावहारिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडून बघा, व्यवहार म्हणजे काय ते लगेच कळेल.

हिप्परगा
आप्पा, मरण सगळीकडं फुकट नसतं. आइसलँडच्या एका कंपनीचा इव्ह ऑनलाइन नावाचा गेम आहे, अंतराळातला. त्यात जहाज फुटलं की फुटलं, परत मिळत नाही, पायलट नवीन शरीरात उठतो पण जहाज गेलं ते गेलं. आणि ती मोठी जहाजं बांधायला महिनेच्या महिने जातात, शेकडो लोकांनी खाणकाम करून माल जमवलेला असतो. २०१४ च्या जानेवारीत तिथं एक लढाई झाली, बी-आर-५-आर-बी नावाच्या सिस्टीममध्ये. सुरुवात कशावरून झाली माहितीये का, त्या जागेचं भाडं एका गटाकडून वेळेवर भरलं गेलं नाही! ताबा सुटला, समोरच्या गटाला कळलं, त्यांनी माणसं उठवायला सुरुवात केली, लोकांना रात्री फोन करून उठवलं, ऑफिसला दांड्या मारल्या. जवळपास एकवीस तास चालली, साडेसात हजारांवर माणसं सामील, ७५ टायटन फुटले. टायटन म्हणजे सगळ्यात मोठं जहाज, एकेकाची किंमत खऱ्या पैशात मोजली तर हजारो डॉलर. एकूण नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरच्या घरात सांगितला गेला. भाडं थकलं म्हणून साम्राज्य गेलं, ह्यापेक्षा व्यावहारिक अजून काय पाहिजे मालक.

आणि अजून एक. २००१ मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं एव्हरक्वेस्ट गेममधल्या नॉराथ ह्या जगाचा अभ्यास केला, तिथली नाणी लोक इंटरनेटवर लिलावात डॉलरला विकत होते, त्यावरून त्यानं दरडोई उत्पन्न काढलं तर ते रशिया आणि बल्गेरियाच्या मधे कुठंतरी बसलं. जे जग अस्तित्वातच नाही त्याचं दरडोई उत्पन्न बल्गेरियापेक्षा जास्त!

आप्पा_निवृत्त
लोक पैसे देतात म्हणून खरं असं म्हणायचं तर भिशी घेऊन पळालेल्याची स्कीमसुद्धा खरीच म्हणावी लागेल.

पूर्वभाग
खरीच असती आप्पा. बुडाल्यावर कळतं किती खरी होती ते. 😐

दोन_पोरांची_आई
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या पण घरात काय होतं ते पण ऐका. आमच्याकडं पाणी चार दिवसाआड येतं, कधी पहाटे कधी रात्री, वेळेचा नेम नाही. परवा रात्री साडेदहाला आलं, मी स्वयंपाकघरात पिण्याचं भरायलेली, मोठ्याला हाक मारली मोटर लाव आणि वर जाऊन पाइप टाकीत बघ. "दोन मिनिटं आई." परत हाक मारली. "आई मॅच पॉज होत नाही." तिसऱ्यांदा मी स्वतः ओल्या हातानं गेले, मोटर लावली, वर गेले तर पाइप टाकीच्या बाहेर पडलेला, सगळी गच्ची भिजवून पाणी खाली शेजाऱ्यांच्या गाडीवर, आणि टाकीत बोटभर. पुढचे चार दिवस कसे काढले ते मला विचारा. आता सांगा मला कुठलं जग खरं. मी त्याला म्हणलं तुझी मॅच पॉज होत नाही तर महापालिकेचं पाणी पॉज होतंय काय?

कडकभाकरी
काकू 🙏 आजचा बेस्ट प्रतिसाद.

एस_टियर_पोरगं
काकू पाण्याचं पटलं, ते करायलाच पाहिजे होतं, माझी आई असती तर राउटरच काढून ठेवला असता. पण त्यो "पॉज होत नाही" म्हणतोय ते खोटं नाही बोलत. एकट्यानं खेळायच्या गेमला पॉज असतं, कितीपण वेळ थांबवा, तिथला राक्षस हात वर करून उभाच राहतो तुमच्यासाठी. ऑनलाइनला पॉजचं बटणच नसतं कारण समोर अजून शहाण्णव जणं असतात आणि बाजूला तुमचे तीन, त्यांचं काय करायचं? तुम्ही उठून गेलात तर तुमचं कॅरेक्टर तिथंच उभं राहतं आणि कुणीतरी येऊन मारतं आणि बाकीचे तिघं चार विरुद्ध तीन होतात.

विजापूररोड
हेच मला म्हणायचं होतं आणि मला शब्दात धरता येत नव्हतं. आप्पांचं स्वप्न तुमच्यासाठी थांबतं, कादंबरी थांबते, पान दुमडून ठेवली की आठवड्यानं तिथूनच पुढं. ऑनलाइन गेम तुमच्यासाठी थांबत नाही. नळाचं पाणीपण थांबत नाही. म्हणजे काकूंच्या घरात त्या रात्री एक खरं आणि एक खोटं असं नव्हतंच, दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळेला आल्या होत्या आणि पोरानं चुकीची निवडली. भांडण तिथं व्हायला पाहिजे, "ते खोटं आहे" म्हणून नाही. खोटं आहे म्हणलं की पोरगं ऐकणं बंद करतं, कारण त्याला माहितीये की नाहीये.

दोन_पोरांची_आई
बोलायला सोपं आहे भाऊ. दोन खऱ्या गोष्टीत एका गोष्टीसाठी मी राबते आणि दुसरीसाठी माझ्या फोनवरून यूसी (गेममधलं विकतचं चलन) घेतली जाते. पण एवढं खरं की "खोटं आहे" म्हणलं की तो जास्त चिडतो, ते मी बघितलंय.

मूळप्रश्न
चर्चा छान आहे पण सगळे गोंधळ करताय. धाग्यात विचारलंय जग खरं का, आणि उत्तरं येताहेत माणसं खरी, पैसे खरे, वेळ खरा. ते सगळं मान्य. फोनवर बोलताना माणसं खरीच असतात म्हणून फोन हे "जग" होत नाही. गेम हे माध्यम आहे, वास्तवाचा भाग नाही. दोन्हीत फरक करा.

जुई_मूळची_सोलापूरची
फोनवर बोलून झालं की मागं काही उरत नाही. गेममध्ये जागा उरते. मी लॉगआउट केल्यावर पण ती जागा चालू असते, कुणीतरी तिथं बाजार मांडून बसलेलं असतं, मी परत येते तेव्हा भाव बदललेले असतात. आणि जागा म्हणजे काय हे मला एका माणसामुळं जास्त कळलं, तो मला कधी भेटला नाही, बातम्यांतून कळला. नॉर्वेचा मॅट्स स्टीन. डुशेन नावाचा स्नायूंचा आजार, हळूहळू सगळं शरीर थांबत जातं. शेवटची वर्षं तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा, तिथं त्याचं नाव इबेलिन, तगडा देखणा गडी, रोज सकाळी एक ठराविक वाट धावायचा. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं पोरगं आयुष्यभर एकटं राहिलं, मित्र नाहीत, प्रेम नाही, खोलीत स्क्रीनसमोर गेलं सगळं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी तो गेल्याची बातमी टाकली आणि खाली एक मेल आयडी दिला. आणि मग मेल यायला लागले. एकामागून एक, वेगवेगळ्या देशांतून. त्यानं आमचं घर मोडता मोडता वाचवलं, त्यानं मला माझ्या मुलाशी परत कसं बोलायचं ते शिकवलं, असे. गिल्डमधले, म्हणजे गेममधल्या त्याच्या गटातले, काही जण दुसऱ्या देशांतून ऑस्लोला अंत्यसंस्काराला आले.

आता ह्याला माध्यम म्हणा. पण त्याच्या आईबाबांनी पंचवीस वर्षं शेजारच्या खोलीत राहून जो माणूस बघितला नाही तो तिकडं दिसत होता. मग जास्त खरा मॅट्स कुठल्या खोलीत होता हे तुम्हीच सांगा.

कडकभाकरी
आज जेवताना हे वाचायला नको होतं.

सिव्हिलच्या_समोर
मेडिकल लाइनमधला माणूस म्हणून एक भर. ह्याच वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सप्टेंबर २००५ मध्ये एक साथ आली होती. हक्कर नावाचा एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, होता, तो खेळाडूंवर "करप्टेड ब्लड" टाकायचा, ते त्या लढाईच्या जागेतच राहायला पाहिजे होतं पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर बाहेर शहरात गेलं. शहरातल्या दुकानदार पात्रांना लागण व्हायची पण ती मरत नव्हती, फक्त पसरवायची. कमी लेव्हलचे खेळाडू रस्त्यात पडायला लागले. काही जण मदतीला धावले, उपचार करत बसले, काही शहर सोडून रानात पळाले, आणि काही मुद्दाम लागण करून घेऊन गर्दीत घुसायचे. कंपनीला शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. २००७ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात ह्यावर दोन संशोधकांचा लेख आला, मुद्दा असा की गणिती मॉडेलमध्ये माणूस मूर्खपणा कसा करेल ते दाखवता येत नाही, इथं ते आयतं दिसलं. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी तीच माणसं आपल्या गल्लीत बघितली, मदत करणारी पण आणि तपासणीला आले की मागच्या दारानं सटकणारी पण. मूळप्रश्न साहेब, माध्यमात साथ येत नाही.

कोर्टकचेरी
मूळ निवाडा राहूनच गेला म्हणून लिहितो. हॉलंडमध्ये २००७ साली दोन पोरांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला घरी नेऊन मारहाण केली, चाकू दाखवला आणि रुनस्केप गेममध्ये लॉगिन करून त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यावर टाकायला लावला. आरोपीचं म्हणणं तुमच्या चेअरमनसारखंच, हे नुसते बिट्स आहेत, वस्तूच नाही तर चोरी कसली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३१ जानेवारी २०१२ ला निकाल लागला की ही चोरीच. कारण त्या मुलानं त्यासाठी वेळ आणि कष्ट घातलेले, त्याला त्याची किंमत होती, आणि ते फक्त त्याच्या ताब्यात होतं, ते त्याच्याकडून गेलं आणि ह्यांच्याकडं आलं.

गंमत म्हणजे ह्याची मुळं १९२१ च्या निकालात आहेत. हेगमधल्या एका दाताच्या डॉक्टरानं विणकामाची सुई खुपसून विजेचं मीटर थांबवलं होतं. त्याचाही बचाव हाच, वीज ही काय वस्तू आहे का? कोर्ट म्हणालं आहे.

पूर्वभाग
म्हणजे आकडा टाकण्याची केस हॉलंडात दातवाल्यावर झाली 😂 आमच्या पूर्व भागात लूमवाल्यांना सांगितलं असतं की वीज वस्तू नाही तर बिलं बघून सगळे कोर्टात गेले असते.

विजापूररोड
वकीलसाहेब आपल्याकडं काय?

कोर्टकचेरी
आपल्याकडं असा थेट निकाल समोर ठेवून बोलता येत नाही पण कायदा बघा. जुन्या आयपीसीत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी मालमत्ता अशी व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या व्याख्येतून तो "मूर्त" चा भाग काढलाय, जमीन आणि जमिनीला जोडलेल्या गोष्टी सोडून सगळ्या प्रकारची मालमत्ता. म्हणजे युक्तिवादाला दार उघडं आहे. त्याशिवाय आयटी कायद्याचं कलम ६६ क, दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. उलट बाजू पण सांगतो, पोरानं पासवर्ड स्वतःच दिला होता, आणि बहुतेक गेम कंपन्यांच्या अटीत लिहिलेलं असतं की आयडी तुमच्या मालकीचा नाही, तुम्हाला फक्त वापराची परवानगी, आणि विक्रीला बंदी. पोरं बारावीची आहेत, अठराच्या आत असतील तर बाल न्यायाचा विषय. कोर्टापर्यंत नेऊ नका, घरात मिटवा, पण "काहीच गेलं नाही" असं म्हणून मिटवू नका.

विजापूररोड
मिटलंय अर्धं. विकणाऱ्याच्या वडलांनी आलेले पैसे आणून दिले, माफी पण मागायला लावली. पण ज्याचा गेला त्याला पैसे नकोत, त्याला फ्रेंडलिस्ट पाहिजे. त्यातली निम्मी माणसं त्याला फक्त तिथल्या नावानं माहिती होती, ती आता शोधायची कुठं.

बाराबंदी
सगळं वाचलं. मला एक वेगळंच वाटतंय, रागावू नका. संक्रांतीला आपण सगळे सिद्धेश्वर मंदिराजवळ संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकायला जातो. लग्न कुणाचं? बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर आणि त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरणारी कुंभारकन्या, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायला परवानगी दिली ती कथा. नवरा समोर नाही, नवरी समोर नाही, नंदीध्वज आहेत, सात काठ्या. माझे वडील काठी पेलायचे, मी पेलतो. पेलताना काठीचं वजन कंबरेवर येतं, पट्टा खांद्यात रुततो, वारा आला की टोक एका बाजूला जायला लागतं आणि तुमच्याबरोबर दोऱ्या धरणारी जी माणसं असतात त्यांच्यातल्या एकानं जरी ढील दिली तर सगळं अंगावर. त्या वेळेला कुणाच्या मनात येत नाही हे लग्न खरं का खोटं. संमती वाचली जाते, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणलं की लाखभर हातातून अक्षता पडतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रडतात. मी आयटीत काम करतो, मला कुणी विचारलं तर मी पण म्हणेन की हे प्रतीकात्मक आहे. पण त्या दिवशी ते लग्न लागतं. ते लागायला नवरा-नवरी लागत नाही, आपण सगळ्यांनी तिथं असावं लागतं आणि काठी सोडून चालत नाही.

म्हणून मला त्या पोरांचं समजतं. नियम सगळ्यांनी मानलेत, ओझं खरं आहे, सोडून दिलं तर दुसऱ्याला लागतं. मग त्यात बांधलेलं घर दगडाचं नाही एवढ्यावरून काय बिघडतं.

कसबा_पेठ
बाराबंदी, यात्रेची तुलना मोबाइल गेमशी? लाज वाटत नाही का. नऊशे वर्षांची परंपरा आहे ती. उद्या म्हणाल पालखी म्हणजे पण गेम.

बाराबंदी
भाऊ मी यात्रेला गेम म्हणलं नाही. मी काठी पेलणारा माणूस आहे, माझ्या घरात ती श्रद्धा आहे. उलट म्हणतोय की प्रतीकाला कमी समजू नका.

कसबा_पेठ
तरी पटत नाही. यात्रा सगळ्या गावाची आहे, तिच्या मागं कुणी कंपनी नाही. तुमचा गेम उद्या कंपनीनं बटण दाबलं की बंद. ज्याचा मालक बसल्या जागी बंद करू शकतो ते वास्तव कसं?

आप्पा_निवृत्त
हा मात्र बिनतोड मुद्दा. जुईताईंची जागा तुम्ही लॉगआउट केल्यावर चालू राहते खरी, पण कोणाच्या मेहेरबानीवर?

जुई_मूळची_सोलापूरची
हो, हे दुखणं आहेच. सिटी ऑफ हीरोज नावाचा गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला असाच बंद केला. लोक आधी तिथल्या चौकात जमले, हातात मशाली घेऊन. काही उपयोग झाला नाही. सर्व्हर बंद म्हणजे अख्खं गाव गेलं.

पूर्वभाग
कसबा पेठ मालक, बटण दाबून बंद करता येतं ते खरं नाही म्हणता. जुनी मिल कुठंय आता? १८७७ ला सुरू झालेली. विष्णू मिल, लक्ष्मी मिल, नरसिंग गिरजी? माझे आजोबा तेलंगणातून पायी आल्यासारखे आले होते मिलच्या जीवावर, भोंग्यावर घरातलं सगळं चालायचं, भोंगा झाला की आज्जी चुलीवर भात टाकायची. त्याचा पण मालक होता आणि तो पण बसल्या जागी बंद करू शकत होता, आणि केलीच. गेटवर कुलूप लागलं तेव्हा कुणी आजोबांना म्हणलं नाही की जाऊ दे ती खरी नव्हतीच. मालकाच्या मर्जीवर आहे एवढंच कारण असेल तर सोलापुरातलं निम्मं आयुष्य खोटं निघेल.

कसबा_पेठ
मिलमध्ये कापड निघत होतं. चादर अंगावर घेता येते.

पूर्वभाग
चादर घेता येते हे मान्य. पण आजोबा रिटायर झाल्यावर चादरीची आठवण काढत नव्हते, खात्यातल्या माणसांची काढायचे.

हिप्परगा
मालकीवरून आठवलं, सरकारच्या दृष्टीनं तर हा विषय संपलेला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २८ टक्के जीएसटी लावला होता आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून असे पैशाचे गेम बंदच केले, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ ला ई-स्पोर्ट्सला पदकं पण होती. ज्यावर टॅक्स लागतो, बंदी येते आणि पदक मिळतं ते नसेल कसं?

आप्पा_निवृत्त
सरकार टॅक्स तर कशावरही लावतं. तो पुरावा मी मानत नाही. भोंग्याचा मात्र विचार करतोय. एक शंका, जो जन्मला तेव्हापासून दोन्हीकडे वावरतो, माझ्या नातवासारखा, त्याला हा प्रश्न पडतो तरी का? काल त्याला विचारलं, गेममधलं जग खरं का रे? तो म्हणाला, "कुठला गेम, आजोबा?" म्हणजे त्याच्या मते काही खरे आहेत आणि काही नाहीत. मी पुढे विचारणार तर त्याचा क्लास होता. तोही ऑनलाइन.

मूळप्रश्न
नातवाचं उत्तर आतापर्यंतचं सगळ्यात नीट आहे. एकट्यानं खेळायचा नाही, चार जणांचा खरा, असं काहीतरी म्हणत असेल. मी माध्यमवाल्या मुद्द्यावर अजून ठाम आहे पण हे नोंदवतो.

एस_टियर_पोरगं
विजापूररोड काका, त्या पोराला सांगा त्याच्या जुन्या मॅचचे स्क्रीनशॉट किंवा कुणी स्ट्रीम केलेलं असेल तर त्यात टीममेटची नावं दिसतात, नाव टाकून सर्च केलं की रिक्वेस्ट पाठवता येती. क्लॅनचा लीडर कोण होता ते आठवत असेल तर त्याला आधी धरा, क्लॅनची लिस्ट त्याच्याकडं असतीच. आम्ही असंच एकाला परत आणलाय.

विजापूररोड
सांगतो लगेच. हे मीटिंगमध्ये कुणाला सुचलं नव्हतं.

दोन_पोरांची_आई
वकीलसाहेब, आमच्या शेजारच्यांचं पण असंच झालंय, पण तिथं पोरानं स्वतः दिला नव्हता, लिंक आली फुकट यूसीची, त्यात पासवर्ड टाकला आणि गेलं. वर आईच्या खात्यातून साडेचार हजार पण गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला तर गेमचं ऐकून घेतील का, हसतील?

कोर्टकचेरी
पैसे गेलेत ना, मग आधी त्याचंच सांगा. १९३० ला जितक्या लवकर तितकं बरं, रक्कम पुढं सरकायच्या आत थांबवता येते कधीकधी. फोन करताना व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि बँकेचा मेसेज समोर ठेवा. गेमचा आकडी आयडी नंबर, ती लिंक आणि टॉप-अपच्या जुन्या पावत्या ह्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, लिंक डिलीट करू नका. पोराला ओरडून झालं असेल तर त्यालाच शेजारी बसवा, कुठल्या पानावर काय टाकलं ते त्यालाच नीट सांगता येईल.

दोन_पोरांची_आई
बरं. सांगते त्यांना. उद्या आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, त्याच्या आधी करून घेऊ म्हणते.